माधवराव सप्रे : मठातून मुद्रणालयाकडे

हिंदी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याला तीन मराठी नावे टाळून पुढे जाता येत नाही. बाबूराव विष्णु पराडकर, लक्ष्मण नारायण गर्दे आणि माधवराव सप्रे ही ती नावे. पहिले दोघे काशीच्या मराठी वस्तीचे. सप्रे मात्र मध्यप्रांताचे. त्यांचा जन्म 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या लहानशा गावी झाला, बालपण बिलासपुरात आणि शिक्षण रायपूर, जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर असे फिरत फिरत झाले. महाराष्ट्रात त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. हिंदी प्रांतात मात्र ते आदराने घेतले जाते. कोणी त्यांना कथालेखक म्हणून, कोणी समालोचक म्हणून, तर कोणी स्वदेशीच्या काळातील झुंजार संपादक म्हणून ओळखतात. या सगळ्या ओळखींच्या मुळाशी एक प्रश्न आहे. वृत्तपत्र हे ज्याचे शस्त्र, त्या माणसाने ऐन लढाईत ते खाली ठेवले, मठाची वाट धरली, आणि पुन्हा तो लोकांत आला तेव्हा त्याच्या हाती दासबोध होता. हे घडले कसे, आणि त्यातून निष्पन्न काय झाले?

मराठी पत्रकारिता आणि धर्म यांचा संबंध जुना आहे. 1842 मध्ये अहमदनगरास मिशनरी मंडळींनी ‘ज्ञानोदय’ काढला, तो ख्रिस्ती मताच्या प्रसारासाठी. प्रार्थनासमाजाची ‘सुबोध पत्रिका’ 1873 मध्ये निघाली, ती धर्मसुधारणेसाठी. पुढे ‘केसरी’ने धर्मोत्सवाला राष्ट्रीय जागृतीचे साधन बनविले. एकाने धर्माचा प्रचार केला, दुसऱ्याने त्याची चिकित्सा केली, तिसऱ्याने त्याच्या भोवती लोक एकत्र केले. सप्रे यांची वाट या तिन्हींहून थोडी निराळी पडली. धर्मग्रंथांत लोकव्यवहाराला लागणारे जे ज्ञान साठलेले असते, ते एका भाषेतून शेजारच्या भाषेत नेऊन पोचविणे, हे त्यांनी आपले काम मानले. बातमी जशी एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावयाची, तसा विचार एका समाजाकडून दुसऱ्या समाजाकडे न्यावयाचा. हा खरे म्हणजे पत्रकाराचाच धर्म. परंतु तो त्यांना सुखासुखी सापडला नाही.

पदवी घेतल्यानंतर सरकारी नोकरीची वाट मोकळी असताना माधवरावांनी ती धरली नाही. पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक म्हणून त्यांनी काही काळ काम केले आणि त्या पगाराच्या आधारावर जानेवारी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. पेंड्रा हे तेव्हा अरण्याच्या कडेचे गाव. तेथे छापखाना नव्हता. मजकूर तेथे लिहावयाचा आणि छापण्यासाठी प्रथम रायपूरला, नंतर नागपूरला धाडावयाचा, असा क्रम होता. रामराव चिंचोलकर हे संपादनात सोबती आणि वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. हिंदीत ग्रंथपरीक्षणाची जी शिस्त पुढे रूढ झाली, तिचे आरंभीचे धडे या मासिकाने दिले. 1901 मध्ये ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही माधवरावांची छोटी कथा याच मासिकात आली. हिंदीतील आरंभीच्या कथांचा विचार करताना तिची गणना आवर्जून होते. गरीब विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला तिच्या एका टोपलीभर मातीचेही ओझे उचलवत नाही, एवढाच तिचा विषय. वर्गणीदारांनी मात्र मासिकाला टोपलीभरही आधार दिला नाही. तीन वर्षे तोटा सोसून 1902 च्या अखेरीस ते बंद पडले.

यानंतरचा काळ नागपूरचा. मध्यप्रांताची ही राजधानी द्विभाषिक होती. कचेरीत, बाजारात, शाळेत मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी नांदत. वंगभंगाच्या चळवळीने सारा देश ढवळून निघाला होता. पुण्याच्या ‘केसरी’चा शब्द वऱ्हाड-नागपुरात पोचत होता; पण नर्मदेच्या पलीकडचा हिंदी वाचक त्याला मुकत होता. लोकमान्यांची संमती मिळवून माधवरावांनी 13 एप्रिल 1907 रोजी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक काढले. ‘केसरी’तील लेखांचे हिंदी रूपांतर आणि त्याच बाण्याचे स्वतंत्र लेखन त्यात येई. परकीय सत्तेच्या दृष्टीने ही गोष्ट सामान्य नव्हती. मराठी भाषेच्या सीमेत राहिलेला असंतोष एका प्रांताचा ठरतो. तो हिंदीत उतरला की त्याला उत्तर हिंदुस्थानची बाजारपेठ खुली होते.

1908 साल उजाडले ते दडपशाही घेऊन. जूनमध्ये वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा नवा कायदा आला. त्याच महिन्यात लोकमान्यांना अटक झाली आणि 22 जुलैच्या रात्री त्यांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावण्यात आली. बरोबर एका महिन्याने, 22 ऑगस्ट 1908 रोजी, राजद्रोहाच्या कलमाखाली माधवराव सप्रे यांना पकडण्यात आले. ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यावरही त्याच सुमारास सरकारची धाड आली.

येथपर्यंतची हकीकत त्या काळच्या कित्येक संपादकांच्या चरित्रात सापडते. पुढची मात्र वेगळी आहे. माधवराव तुरुंगात असताना त्यांच्या सुटकेसाठी घरच्या मंडळींची धडपड सुरू झाली. वडील बंधू बाबूराव यांनी पितृस्थानी राहून या भावाला वाढविले होते. क्षमापत्रावर सही केली नाहीस तर मी प्राणत्याग करीन, असे त्यांनी निक्षून सांगितले, अशी हकीकत चरित्रांत येते. कारावासाची, हद्दपारीची, दारिद्र्याची तयारी ठेवलेला माणूस या एका शब्दापुढे वाकला. त्याने सही केली. नोव्हेंबर 1908 मध्ये तो सुटला.

सुटला असे म्हणावयाचे ते केवळ तुरुंगातून. ज्यांच्या लेखणीचा अनुवाद करून त्याने हिंदी जनतेला स्वराज्याचा मंत्र दिला, ते लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. आणि अनुवादक घरी परतला होता. त्या काळी क्षमापत्र ही दोन ओळींची बाब राहत नसे. सरकार ते मिरवी, विरोधक त्यावर हसत, आणि कालपर्यंत पाया पडणारे तरुण रस्ता बदलून जात. माधवरावांचा बचाव करणे कठीण नव्हते. भावाच्या जिवाचे कारण कोणालाही पटण्यासारखे होते. परंतु त्यांनी स्वतःचा बचाव केला नाही. आपल्या हातून चूक झाली, हे त्यांनी मनोमन धरले आणि तिचे प्रायश्चित्त घ्यावयाचे ठरविले.

त्यासाठी ते वर्ध्याजवळच्या हनुमानगढास गेले. तेथे श्रीधर विष्णु परांजपे यांचा रामदासी मठ होता. सदतीस वर्षांच्या या पदवीधर संपादकाने तेथे वर्षभर मधुकरी मागून दिवस काढले. झोळी घेऊन दारोदार जावयाचे, मिळेल ते आणून खावयाचे आणि उरलेला वेळ पारायणात घालवावयाचा, असा तो नेम होता. दासबोधाची तेरा पारायणे त्यांनी या काळात केली असे सांगतात. वीस दशक, दोनशे समास आणि साडेसात हजारांवर ओव्या असलेला हा ग्रंथ तेरा वेळा वाचणे हे केवळ पुण्यकर्म म्हणून करता येते, तसेच ते शिक्षण म्हणूनही करता येते. पत्रकाराच्या डोळ्यांनी दासबोध वाचणाऱ्याला त्यात आपल्या धंद्याचे कितीतरी सापडेल. दुसऱ्या दशकाच्या आरंभीच मूर्खलक्षणे आहेत. समाजाचे इतके परखड निरीक्षण एखाद्या कसलेल्या संपादकालाच साधावे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे, लेखणी-कागदाची निगा कशी राखावी, इतक्या बारकाव्यांत समर्थ शिरतात. समुदाय कसा जोडावा, कोणाशी कसे बोलावे, केव्हा गुप्त राहून काम करावे, याची चर्चा तर ग्रंथभर आहे. मोडलेल्या मनाला तेथे सांत्वन मिळाले असेल. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला काम मिळाले. दासबोध हिंदीत न्यावयाचा, हे ठरले.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. मराठी आणि हिंदी या भगिनी खऱ्या. पण भगिनींच्या घरातही एकच भांडे निराळ्या कामाला वापरतात. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत विद्यादान. ‘चेष्टा’ मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. आणि दासबोधाच्या दृष्टीने सर्वांत अवघड शब्द ‘प्रपंच’. मराठी माणसाचा प्रपंच म्हणजे घरदार, मुलेबाळे, नेटका संसार. समर्थ तो टाकावयास सांगत नाहीत, नीट करावयास सांगतात. हिंदी बोलीत ‘प्रपंच’ म्हटले की पसारा, भानगड, कित्येकदा कपट असा अर्थ मनात येतो. शब्द तसाच उचलून ठेवला तर उपदेशच उलटा व्हावयाचा. ‘राजकारण’ हाही असाच शब्द; हिंदीत ‘राजनीति’ म्हणतात, पण समर्थांच्या राजकारणात जो सावधपणा आणि गुप्तपणा आहे तो त्या शब्दात पुरता उतरत नाही. ज्याच्या घरात मराठी आणि ज्याच्या लेखणीत हिंदी, अशा माणसानेच हे ओझे उचलावे हे योग्य होते. माधवरावांनी ओवीच्या मागे न लागता सरळ गद्य पत्करले. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने हा हिंदी दासबोध प्रसिद्ध केला आणि सतराव्या शतकातील मराठी संतकवी विसाव्या शतकातील हिंदी वाचकांच्या घरी जाऊन पोचला.

दुसरा ग्रंथ आला तो लोकमान्यांचा. मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेले ‘गीतारहस्य’ 1915 मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले आणि त्याचा माधवरावांनी केलेला हिंदी अनुवाद पुढच्याच वर्षी बाहेर पडला. या घटनेचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. 1908 मध्ये लोकमान्य शिक्षा भोगावयास गेले आणि सप्रे क्षमापत्रावर सही करून परतले. त्या शिक्षेच्या काळात लोकमान्यांनी जे लिहिले ते हिंदी जगाला देण्याचे काम सप्रे यांच्याच हाती आले. लोकमान्यांनी त्यांना अव्हेरले नव्हते. आणि त्या ग्रंथाचा सिद्धान्त तरी काय? ज्ञान झाल्यावर कर्म सोडावयाचे नाही. फलाशा सोडून लोकसंग्रहासाठी ते करीत राहावयाचे. मठाच्या दारातून परत फिरलेल्या माणसाला याहून नेमके शास्त्र कोणते सांगता आले असते? तिसरा ग्रंथ चिंतामण विनायक वैद्य यांचा. महाभारतावरील त्यांच्या ऐतिहासिक विवेचनाचा अनुवाद ‘महाभारत मीमांसा’ या नावाने 1920 मध्ये आला. एकात साधकाची निष्ठा, दुसऱ्यात तत्त्वज्ञाची मांडणी, तिसऱ्यात इतिहासकाराची चिकित्सा. धर्माकडे पाहण्याच्या या तिन्ही दृष्टी महाराष्ट्राने घडविल्या होत्या. त्या हिंदीत नेण्याचे काम मात्र एकाच लेखणीने केले.

ही लेखणी आता जबलपूरकडे वळली. जबलपूर हे नर्मदेकाठचे शहर मराठी माणसाला परके नव्हते. 1781 मध्ये सागरच्या मराठी सुभ्याने ते जिंकले, 1798 मध्ये पेशव्यांनी नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले आणि 1817 मध्ये इंग्रजांनी ते घेईपर्यंत तेथे मराठ्यांचा अंमल होता. सत्ता गेली तरी मराठी घराणी राहिली. माधवरावांनी विद्यार्थीदशेत हे शहर पाहिले होते. 1916 मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे सातवे अधिवेशन येथे भरले, तेव्हा देशी भाषांतून शिक्षण द्यावे असा ठराव त्यांनी मांडला. इंग्रजीवाचून विद्या नाही असे मानण्याचा तो काळ. ज्याने धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत आणले, त्याने शाळाही लोकांच्या भाषेत आणावयास सांगावे, यात विसंगती नव्हती. त्यांच्याच प्रेरणेने आणि सेठ गोविंददास यांच्यासारख्या तरुणांच्या साहाय्याने जबलपुरात राष्ट्रीय हिंदी मंदिर उभे राहिले आणि ‘श्रीशारदा’ हे मासिक निघाले.

परंतु जबलपूरशी त्यांचे नाव जोडले जाते ते प्रामुख्याने ‘कर्मवीर’मुळे. हे साप्ताहिक 17 जानेवारी 1920 रोजी सुरू झाले. पंडित विष्णुदत्त शुक्ल आणि माधवराव सप्रे हे त्यामागचे प्रेरक. संपादक मात्र माधवराव नव्हते. त्या जागी त्यांनी खंडव्याचे कवी माखनलाल चतुर्वेदी यांना आणले. ‘हिंदी केसरी’चा अनुभव पाठीशी असलेला, वयाने, विद्येने, अधिकाराने मोठा असलेला माणूस बाजूला उभा राहिला आणि एका तरुणाचे नाव पुढे झाले. ‘श्रीशारदा’च्या बाबतीतही त्यांनी हेच केले. क्षमापत्रानंतर संपादकाच्या खुर्चीवर पुन्हा बसावयाचे नाही, असे जणू त्यांनी ठरविले होते. खुर्ची त्यांनी सोडली, काम सोडले नाही.

‘कर्मवीर’च्या जन्माची एक हकीकत माखनलालजींनी सांगितली आहे. कायद्याप्रमाणे वृत्तपत्र काढण्यापूर्वी मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. आणि 1910 च्या मुद्रणकायद्याने पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत अनामत मागण्याचा अधिकार त्याला दिलेला होता. माधवरावांनी अर्जाचा मसुदा करून माखनलालजींच्या हाती दिला. त्यात उपजीविकेसाठी पत्र काढावयाचे आहे, असा सौम्य मजकूर होता. माखनलालजींनी तो अर्ज दिलाच नाही. येथे एक इंग्रजी साप्ताहिक निघत असताना हिंदी साप्ताहिक कशाला, असे गोऱ्या मॅजिस्ट्रेटने विचारताच त्यांनी सांगितले की ते साप्ताहिक भित्रे आहे. ज्यामुळे ब्रिटिश राज्य चालता चालता थबकेल असे पत्र आपल्याला काढावयाचे आहे. परवानगी मिळाली.

ही कथा सांगताना श्रोते बहुधा शिष्याच्या धैर्याला दाद देतात, आणि ती दाद योग्यच आहे. पण त्या खिशात राहिलेल्या अर्जाचाही विचार करावयास हवा. तो भित्र्या माणसाने लिहिलेला नव्हता. कायद्याचा फास कसा आवळतो आणि त्या क्षणी घरची माणसे कशी मधे येतात, हे ज्याने भोगले होते त्याने तो लिहिला होता. अनामत भरता न आल्याने जन्मापूर्वीच पत्र मरू नये, एवढीच त्याची काळजी. स्वतः ठेचाळलेला माणूस मागून येणाऱ्याला सावधपणे चाल म्हणतो. मागून येणारा धावत सुटतो. आणि ठेचाळलेला माणूस त्याला अडवीत नाही. माधवरावांनी माखनलालजींना अडविले नाही. 1921 मध्ये बिलासपूरच्या भाषणाबद्दल माखनलालजींना राजद्रोहाखाली कारावास झाला आणि त्यांनी तो भोगला. गुरूच्या आयुष्यातील अपुरे राहिलेले प्रकरण शिष्याने पुरे केले, असे म्हणता येईल. पण त्या शिष्याला त्या जागी नेऊन बसविले गुरूनेच.

1924 मध्ये डेहराडून येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाच्या पंधराव्या अधिवेशनाचे अध्यक्षपद माधवरावांना मिळाले. ज्यांची मातृभाषा मराठी, त्यांना हिंदीने आपल्या व्यासपीठावर मानाचे आसन दिले. यानंतर फार दिवस गेले नाहीत. 23 एप्रिल 1926 रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे चोपन्न. ‘कर्मवीर’ आदल्याच वर्षी खंडव्याला हलला होता आणि तेथून तो पुढे बरीच वर्षे निघत राहिला.

माणसाची योग्यता त्याच्या एखाद्या पडत्या क्षणावरून ठरवावी की त्यानंतरच्या अठरा वर्षांवरून, हा प्रश्न माधवरावांच्या चरित्रात प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवावयाचा आहे. एवढे मात्र दिसते की धर्माचा आधार घेऊन त्यांनी आपली चूक झाकली नाही. मठात जाऊन कायमचे बसणे सोपे होते. भगव्या वस्त्राला कोणी क्षमापत्राची आठवण करून दिली नसती. ते मठातून परतले, आणि परतताना जे आणले ते छापून लोकांना वाटून टाकले. धर्मावर लिहिणाऱ्या पत्रकारापुढे नेहमीच दोन मोह असतात. एक भक्तीच्या भरात परखडपणा सोडण्याचा, दुसरा परखडपणाच्या अभिमानात श्रद्धावंतांचा अवमान करण्याचा. समर्थ, टिळक आणि वैद्य या तिघांना शेजारी शेजारी ठेवून माधवरावांनी हे दोन्ही मोह चुकविले.

भोपाळ येथे 19 जून 1984 रोजी, त्यांच्या जन्मदिनी, त्यांच्या नावाने वृत्तपत्रांचे संग्रहालय स्थापन झाले. जुन्या नियतकालिकांचे जीर्ण अंक तेथे जतन केले जातात आणि देशोदेशीचे अभ्यासक ते पाहावयास येतात. ज्याने आपले नाव पत्राच्या माथ्यावरून स्वतःहून काढून घेतले, त्याचे नाव आता इतरांच्या हजारो अंकांना आसरा देणाऱ्या इमारतीवर आहे. आणि उत्तरेकडील एखाद्या घरी आजही कोणी हिंदीतून दासबोध उघडतो, तेव्हा ते पान त्याच्यापुढे कोणत्या वाटेने आले हे त्याला ठाऊक नसते. ती वाट वर्ध्याजवळच्या एका मठातून, मधुकरीची झोळी खांद्यावर घेतलेल्या एका संपादकाच्या हातून आलेली असते.